पतंगाची दोरी कुणाच्या हातात? संक्रांत, नामविस्तार दिन आणि श्रमाचा विसरलेला इतिहास



जानेवारी महिना चळवळीतल्या माणसाला दम खाऊ देत नाही. १ तारखेला भीमा कोरेगाव, ३ तारखेला सावित्रीमाई, १२ तारखेला जिजाऊ आणि १४ तारखेला नामविस्तार दिन. याच १४ तारखेच्या आसपास संक्रांत येते आणि आमच्या महाळुंगेतल्या चाळींच्या गच्च्या पोरांनी भरून जातात. तळेगाव-चाकण रस्त्यावरचे हे आमचे गाव आता गाव कमी आणि एमआयडीसीची वस्ती जास्त झाले आहे. एका खोलीत चार-पाच जण राहतात. कुणी नांदेडचा, कुणी बीडचा, कुणी वाशिमचा, कुणी उत्तर प्रदेशातला. कुणाची पहिली पाळी, कुणाची रात्रपाळी. पण संक्रांतीला ज्याला सुट्टी मिळते तो गच्चीवर जातो.

गेल्या वर्षी नामविस्तार दिनाच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. आमच्या वाचन गटातल्या एका पोराने विचारले, "दादा, आपण पतंग उडवायचा की नाही?" दुसरा लगेच म्हणाला, "संक्रांत आपली नाही. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात." तिसरा म्हणाला, "अरे, पतंगाला कसला आलाय धर्म?" वाद चांगलाच रंगला. पण तिघांपैकी एकाकडेही पतंगाचा इतिहास नव्हता, आणि खरे सांगायचे तर माझ्याकडेही नव्हता. बाबासाहेबांनी आपल्याला आधी इतिहास तपासायला आणि मग भूमिका घ्यायला शिकवले आहे. म्हणून हा लेख.

पतंग नेमका कोणत्या धर्माचा?

दर संक्रांतीला मोबाइलवर एक मेसेज फिरतो. प्रभू रामचंद्रांनी पतंग उडवला, तो थेट इंद्रलोकात पोहोचला आणि तेव्हापासून ही 'सनातन परंपरा' सुरू झाली. मेसेज पाठवणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारावा. तो पतंग कशाचा होता? कागद ही चीनची देणगी आहे. इ.स. १०५ च्या सुमारास त्साई लुन नावाच्या चिनी दरबारी अधिकाऱ्याने कागद बनवण्याची पद्धत घडवली, असे परंपरा सांगते. पुढे समरकंद, बगदाद अशा वाटेने ही विद्या पश्चिमेकडे सरकली. भारतात कागदाचा वापर खऱ्या अर्थाने पसरला तो सुलतानांच्या काळात. त्याआधी आपल्याकडे लिहायला ताडपत्र आणि भूर्जपत्र होते. ताडपत्राचा पतंग उडतो का, हे ज्याला पाहायचे असेल त्याने उडवून पाहावा.

दुसरी गोष्ट. संक्रांतीचा विधी नीट पाहा. त्यात स्नान आहे, तिळाचे दान आहे, सुगडाचे वाण आहे. विधवेला बाहेर ठेवणारे हळदीकुंकू आहे. संक्रांत कोणत्या वाहनावर बसून आली, तिने कोणते वस्त्र नेसले, तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, याचा तपशील पंचांगात आहे. पण या विधीत पतंग नाही. पतंगाला भटजी लागत नाही, मुहूर्त लागत नाही, दक्षिणा लागत नाही. त्याला लागतो वारा, आणि दोरी सांभाळणारा हात.

तिसरी गोष्ट तर सगळ्यात सोपी. पतंग सगळीकडे संक्रांतीला उडतच नाही. गुजरातेत आणि आपल्याकडे तो संक्रांतीला उडतो. पंजाबात, आणि सीमेपलीकडच्या लाहोरातही, तो वसंत पंचमीच्या सुमारास उडायचा. लखनौमध्ये दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पतंगांची गर्दी होते. दिल्लीत त्याचा मोठा दिवस १५ ऑगस्ट! जिथे जेव्हा आभाळ मोकळे आणि हाताला सुट्टी, तिथे तेव्हा पतंग. धर्माने पतंग आणला नाही. उडणाऱ्या पतंगाला धर्माने नंतर आपले लेबल चिकटवले.

आता आपल्यातला एखादा उत्साही कार्यकर्ता म्हणेल, पतंग चीनमधून आला, आणि जपानमध्ये तर तो बौद्ध भिक्खूंनी नेला असे मानतात, म्हणजे पतंग आपलाच! मित्रांनो, हा मोह टाळा. त्यांनी खोटे लेबल लावले म्हणून आपण उलटे लेबल लावायचे, हा इतिहास नव्हे. पतंग बौद्धांचा नाही, हिंदूंचा नाही, मुसलमानांचा नाही. मग तो कुणाचा? ज्यांनी तो बनवला त्यांचा. खरा विषय इथून सुरू होतो.

शिंप्याच्या पोराने पाहिलेला पतंग

भारतीय साहित्यातल्या पतंगाच्या जुन्या उल्लेखांमध्ये एक उल्लेख आपल्या मराठी मातीतल्या माणसाचा आहे. संत नामदेव, काळ १२७० ते १३५०, जात शिंपी. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यातले रामकली रागातले एक पद पतंगाने सुरू होते. पोरगा कागद आणतो, कापतो, पतंग करून आभाळात सोडतो. सोबत्यांशी गप्पा मारतो, पण त्याचे चित्त दोरीवर असते. नामदेव म्हणतात, माझे मन तसे नामाशी जोडलेले आहे.

कीर्तनकार हा दाखला भक्तीसाठी देतात. देऊ द्या. आपण मात्र त्या पदातली माणसे मोजू या. पतंगवाल्या पोराबरोबर तिथे सोनार आहे, ज्याचे लक्ष घडवण्याच्या सोन्यावर आहे. डोक्यावर पाण्याच्या घागरी घेऊन हसत-बोलत जाणाऱ्या बायका आहेत. लांब चरायला गेलेली, पण वासराकडे जीव लागलेली गाय आहे. घरकामात बुडालेली, पण पाळण्यातल्या बाळाकडे कान असलेली आई आहे. राजा नाही, ऋषी नाही, यज्ञ नाही. सगळी कामाची माणसे. कापड कापणाऱ्या शिंप्याला कागद कापणारा पोरगा दिसला, यात नवल ते काय?

हेच नामदेव चोखोबांना आपले मानणारे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, असे परंपरा सांगते. १९४८ साली 'अस्पृश्य मूळचे कोण?' हा ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. म्हणजे पतंगाच्या मराठी इतिहासाची पहिली ओळ एका शिंप्याची आहे, आणि त्याच्या शेजारी भिंतीखाली चिरडलेला एक मजूर उभा आहे. 'सनातन परंपरा' सांगणाऱ्या मेसेजमध्ये हे दोघेही नसतात.

कागद, कामटी, सरस, काच

पतंग हातात घ्या आणि एकेक भाग सुटा करा.

कागद. महाराष्ट्रात हाताने कागद बनवणारे लोक म्हणजे कागदी, मुसलमान कारागीर. दौलताबादहून खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा नावाचे गाव आहे. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळापासून तिथल्या कागदाची परंपरा सांगतात. आपल्या पुणे जिल्ह्यात जुन्नरचा कागद प्रसिद्ध होता. पुण्याच्या कसबा पेठेतल्या कागदीपुऱ्याचे नाव तिथल्या कामाची साक्ष देते. पेशव्यांच्या दफ्तरातली आज्ञापत्रे असोत की भटाची पोथी असोत, अक्षरे कुणाचीही असली तरी चिंध्या कुजवून, कुटून, लगदा करून कागद काढणारे हात या कागद्यांचे होते. आजचा पतंगी कागद गिरणीतून येतो, पण विद्या त्यांची.

कामटी. बांबू फोडून, तासून, वाकेल पण मोडणार नाही अशी काडी काढणे सोपे नाही. एका बाजूने जड झाली तर पतंग गोते खातो. हे बांबूचे ज्ञान महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या बुरुड समाजाने सांभाळले. सूप त्यांचे, टोपली त्यांची, लग्नातली दुरडी त्यांची. आणि सरकारी यादीत ही जात कुठे आहे? अनुसूचित जातींमध्ये. ज्याचे सूप घरात चालते, तो माणूस घरात चालत नव्हता.

सरस. ज्यांनी लहानपणी घरी मांजा सुतला आहे, त्यांना डब्यात उकळणाऱ्या सरसाचा वास आठवत असेल. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला डिंक. त्यात काचेची पूड आणि रंग घालायचा आणि दोऱ्याला चोळायचा. आता विचार करा. मेलेले जनावर ओढले म्हणून आपल्या बापजाद्यांना गावाने विटाळ मानला. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा, स्वाभिमानाने जगण्याचा आदेश दिला, तो या अपमानामुळे. त्याच जनावरातून निघालेला सरस लावलेला मांजा मात्र संक्रांतीच्या सणात कुणाच्याही हाताला विटाळ करत नाही! विटाळ वस्तूला नसतो, तो माणसाला चिकटवलेला असतो. हे समजायला धर्मशास्त्र वाचावे लागत नाही. मांज्याचे रीळ पुरते.

काच. आमच्या शेजारच्या खोलीत बरेलीचा एक मुलगा राहायचा, कंत्राटी कामगार. उत्तर प्रदेशातले बरेली सुती मांज्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे आणि ते काम करतात प्रामुख्याने गरीब मुसलमान कारागीर. मैदानात खांब रोवून दोरे ताणायचे, काचेची पूड मिसळलेला भाताच्या खळीचा गोळा हातात धरायचा आणि दोऱ्यावरून दिवसभर पुढे-मागे चालायचे. बोटांना दोरा गुंडाळला तरी कापते. त्या मुलाने एकदा जेवताना मला आपली बोटे दाखवली. पेरांवर बारीक पांढऱ्या रेषा होत्या. "अब्बूची याहून जास्त आहेत," म्हणाला. नायलॉनचा मांजा आला, सुती मांज्याचे गिऱ्हाईक तुटले आणि तो चाकणला गाड्यांचे भाग जोडायला आला. महाळुंगेत आम्ही पतंग उडवत होतो आणि त्यासाठी ज्याची बोटे कापली होती तो खाली रात्रपाळीसाठी झोपला होता.

अहमदाबादेत हेच चित्र मोठ्या प्रमाणावर दिसते. तिथे १९८९ पासून आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो. पण पतंग चिकटवणारे हात जमालपूरसारख्या मोहल्ल्यांतल्या मुसलमान बायकांचे आहेत, घरबसल्या, नगावर मजुरी. उत्सवाच्या मंचावर कोण असते, ते आपण जाणतो.

जातिव्यवस्था कामांची नव्हे तर कामगारांचीच विभागणी करते, ती त्यांना एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. एका पतंगात कागदी, बुरुड, चामड्याचे काम करणारा आणि मांजेवाला हे सगळे एकत्र येतात. पतंग उडतो. ही माणसे मात्र एकमेकांना ओळखतही नाहीत.

येवला: एका गावाच्या दोन ओळखी

महाराष्ट्रात पतंग म्हटले की नाशिक जिल्ह्यातले येवला. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खे गाव गच्चीवर असते. बांबूच्या काड्यांची हलकी आसारी ही तिथली खासियत. हलकडी वाजते, पेच लागतात, पतंग कटला की गल्लीभर ओरडा होतो. गाव पैठणीचे, विणकरांचे. ताण्या-बाण्यात वाढलेल्या हातांना दोरीची ओढ समजणारच.

पर्यटनाची माहिती पैठणी आणि पतंगावर संपते. आपल्यासाठी येवला म्हणजे मुक्तिभूमी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच गावात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. २ मार्च १९३० ला सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह पाच वर्षे चालूनही दार उघडले नव्हते. मंदिराच्या दारात डोके आपटत राहण्यापेक्षा ते दारच सोडायचे, हा निर्णय येवल्यात झाला आणि २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात पूर्ण झाला.

येवल्याच्या पतंगावर लेख लिहिणाऱ्याला मुक्तिभूमी आठवत नाही. आणि मुक्तिभूमीला अभिवादन करून परतणाऱ्या आपल्याला तिथला विणकर आठवत नाही. पहिली चूक त्यांची आहे, दुसरी आपली.

आभाळात 'सायमन गो बॅक', जमिनीवर मताचा हक्क

पतंगाने राजकारणही केले आहे. १९२८ साली सायमन कमिशन लखनौला गेले. तिथल्या कैसरबागेत तालुकदारांनी मेजवानी दिली, तेव्हा आभाळातून 'सायमन गो बॅक' लिहिलेले पतंग आणि फुगे आले. पोलिसांचा बंदोबस्त जमिनीवर, घोषणा हवेत. ही गोष्ट स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात कौतुकाने सांगितली जाते, आणि युक्ती खरोखर चांगली होती. त्यांचा संतापही खोटा नव्हता, कारण कमिशनमध्ये एकही भारतीय नव्हता.

पण त्याच वर्षी, २३ ऑक्टोबर १९२८ रोजी, आपल्या पुण्यात बाबासाहेबांनी त्याच कमिशनपुढे साक्ष दिली. बहिष्कृत हितकारिणी सभेचे निवेदन मे महिन्यातच सादर झाले होते. मागणी काय होती? प्रत्येक प्रौढाला मताचा हक्क आणि अस्पृश्यांना राजकीय संरक्षण. त्या काळी मत होते ते मालमत्ता, कर, शिक्षण असणाऱ्यांना. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्याकडे मतही नाही. बाबासाहेबांना तेव्हा देशद्रोही ठरवले गेले. आज महाळुंगेच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला कारखान्याच्या मालकाइतकेच एक मत आहे, ते कुणाच्या भूमिकेमुळे? पतंग आपण सगळ्यांनी पाहिला, कारण तो आभाळात होता. साक्ष कागदावर होती, म्हणून ती वाचावी लागते. आपल्या पोरांना पतंगाची गोष्ट सांगा, पण साक्षीची गोष्ट त्यासोबत सांगा.

१४ जानेवारी १९९४

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. १९७९ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. लाठ्या, तुरुंग, गोळीबार सगळे झाले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. पुरते नामांतरही नाही, 'मराठवाडा' कायम ठेवून विस्तार. एका नावासाठी साडेपंधरा वर्षे.

तो दिवस संक्रांतीचा होता. तेव्हापासून दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर निळा सागर लोटतो. तिथून जेमतेम तासाभराच्या वाटेवर कागजीपुरा आहे. ज्या मराठवाड्यात कागद बनला, त्याच मराठवाड्यात एका कागदावर एक नाव लिहायला माणसे मरावी लागली.

आणि आज मरतो कोण?

नायलॉनच्या मांज्याने या खेळाचा शेवटचा माणूसपणाही काढून घेतला आहे. सुती दोरा तुटतो, कुजतो. नायलॉन तुटत नाही, कुजत नाही, झाडावर आणि तारांवर महिनोन्‌महिने लटकत राहतो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली. ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्याच पिंपरी-चिंचवडमध्ये नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावर दुचाकीवरून जाणाऱ्या एका तरुणीचा गळा मांज्याने कापून जीव गेला. तेव्हा बंदीला वर्ष उलटून गेले होते.

मांजा कुणाच्या गळ्याला लागतो, हे पाहा. काचा बंद केलेल्या गाडीला लागत नाही. तो लागतो दुचाकीवाल्याला. पाळी सुटल्यावर चाकणहून मोशीकडे जाणाऱ्या कामगाराला, डिलिव्हरीच्या पोराला, सायकलवरच्या शाळकरी मुलीला. आणि कटलेल्या पतंगामागे काठीला काटेरी फांदी बांधून रस्त्यावर धावणारे पोर कुणाचे असते? ज्याला पतंग विकत घेणे परवडत नाही त्याचे. परंपरेच्या नावाखाली नफा एकाचा, मजा दुसऱ्याची आणि गळा आपला.

मग पतंग उडवायचा की नाही?

त्या पोराला मी आता उत्तर देऊ शकतो. बावीस प्रतिज्ञांनी आपल्याला देवदेवता, अवतार, श्राद्ध आणि विषमतेचा धर्म नाकारायला सांगितले. वारा नाकारायला सांगितला नाही. संक्रांतीचे वाण, हळदीकुंकू आणि पंचांग आपले नाही. पतंग मात्र कष्टकऱ्यांच्या हातचा आहे आणि त्याला सोडून देणे म्हणजे त्या हातांना सोडून देणे.

म्हणून यंदा आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, नायलॉन नाही आणि काचही नाही. साध्या सुती दोऱ्यावर पतंग उडवायचा. पेच लागणार नाहीत, नकोतच. दुसरी, पतंग विकतचा नाही. सकाळी वस्तीतल्या मुलामुलींना घेऊन कागद कापायचा, कामटी तासायची, कन्नी बांधायची. ते करताना कागदी, बुरुड, बरेलीचा मांजेवाला, नामदेव, चोखोबा सगळ्यांच्या गोष्टी सांगायच्या. तिसरी, दुपारी सगळ्यांनी गच्चीवरून खाली उतरायचे आणि नामविस्तार दिनाच्या कार्यक्रमाला बसायचे.

एका मुलाने सुचवले होते की शहिदांची नावे पतंगावर लिहू या. मी नको म्हणालो. पतंग आज ना उद्या गटारात किंवा तारेवर जातो. पोचिराम कांबळे आणि गौतम वाघमारे ही नावे तिथे जाण्यासाठी नाहीत. ती नावे मोठ्याने वाचायची, मुलांकडून वाचून घ्यायची. त्यांची दोरी आपल्या हातात आहे, आणि नामदेवांच्या पदातल्या पोरासारखे गप्पा मारतानाही आपले लक्ष तिच्यावर असले पाहिजे.

जय भीम! जय संविधान!